बारा फालतू दांड्या

संपदाने गुणवंत मयेकरांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून उभे होते.

कामावर लागून तिला तिसराच दिवस होता. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा म्हणजे खाली आठ मशिनं आणि वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, काचेची केबिन. केबिनमध्ये बसून कॉम्प्युटरवर चलनं आणि सर्टिफिकेटं टाइप करायची, हे तिचं काम. काचेतून खाली पाहिलं तर ग्राइंडिंग मशीनपाशी पन्नाशीचा एक सडपातळ माणूस चकचकीत स्टीलची दांडी हातात धरून उभा होता. वीतभर लांब, बोटाएवढी जाड. डोळे मिटून तो उजव्या अंगठ्याचं नख त्या दांडीवरून सावकाश गोल फिरवत होता, आईने पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. मग त्याने डोळे उघडले आणि मशीनवरच्या माणसाला विचारलं, "हे काय आहे?"

मशीनवाला म्हणाला, "काका, मायक्रोमीटरने तर बरोबर येतंय. चालेल."

"कुठे चालेल? तुझ्या घरच्या नळाला चालेल. तिथे पण तुझी बायको ओरडेल."

बाजूचे दोघे हसले. मयेकर हसले नाहीत. रागाने त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता. ती दांडी त्यांनी फेकली नाही की आपटली नाही. खाली वाकून नापास मालाच्या पेटीत अलगद ठेवून दिली. ते अलगद ठेवणं पाहून संपदा काचेपासून मागे सरकली.

"चालेल" या शब्दाशी मयेकरांचं वैर आहे, हे तिला आठवड्याभरात कळलं. माप जरा इकडेतिकडे झालं, चालेल. तेल बदललं नाही, चालेल. सही नंतर केली, चालेल. हे कानावर आलं की मयेकर हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे बघत राहायचे. ठाण्याच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं काढली होती. तो बंद पडला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द होता, असं ते म्हणत. तिथून ते इथे आले आणि पेणकरपाड्यात बायकोबरोबर, मंदाताईंबरोबर, एका खोलीत राहू लागले. रोज सकाळी सव्वाआठला गाळ्यावर हजर. रजा म्हणून नाही. त्यावरून गाळ्यात एक कायमचा विनोद होता: मयेकरकाका दांड्या बनवतात, मारत नाहीत.

दांड्या वॉल्व्हच्या होत्या. वॉल्व्ह उघडायला-मिटायला आत जी दांडी असते, ती. एरवी गाळ्यात केमिकल कारखान्यांचा माल बनायचा, पण २००५ साली एक वेगळी ऑर्डर आली. एका मोठ्या कंपनीने ती दिली होती, आणि त्या कंपनीला वरून कुणीतरी. धातू त्यांचाच, मोजून आलेला. ड्रॉइंगवर नाव नाही, फक्त नंबर. सगळ्यांकडून कागदावर सह्या घेतल्या की याबद्दल बाहेर बोलायचं नाही. त्यामुळे अर्थातच पंधरा दिवसांत चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत झालं की हे पाणबुडीचं काम आहे, आणि तेही साध्या नाही, अणुशक्तीवर चालणाऱ्या, पोटात क्षेपणास्त्रं घेऊन फिरणाऱ्या पाणबुडीचं. खरं-खोटं कुणीच सांगत नव्हतं. सगळे नुसतं "ती बोट" म्हणायचे.

मयेकरांनी एका रविवारच्या पुरवणीत अशा परदेशी बोटीचं आडवं कापलेलं चित्र पाहिलं होतं. ते घडी करून ते डब्याबरोबर आणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते संपदापुढे उलगडलं. "ही बघ. अणुभट्टी असते, म्हणून तेल भरायला वर यायला नको. तीन-तीन महिने पाण्याखाली. शंभर माणसं. आता मला सांग, आतली एखादी दांडी गेली तर? तिथे भाईंदर नाही की खाली उतरून दुकानातून आणली."

"मग काय करतात?"

"फालतू ठेवतात."

संपदाला हसू आलं. मयेकरांनी रागाने तिच्याकडे पाहिलं आणि मग, ती नवीन आहे हे आठवून, समजावून सांगितलं. त्यांचे वडील राजापूरकडचे, जहाजावर खलाशी. जहाजावरच्या जुन्या माणसांच्या बोलीत फालतू म्हणजे जादा, अडीअडचणीला ठेवलेलं. फालतू दोर, फालतू कप्पी. वडील स्वतः पहिल्या सफरीला फालतू खलाशी म्हणून चढले होते. त्यांच्यासाठी ठरलेलं काम नव्हतं, कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच. दीड महिना त्यांना कुणी नावानेसुद्धा हाक मारली नाही. मग सुकाणूवरचा माणूस तापाने पडला आणि वडील अकरा दिवस त्याच्या जागी उभे राहिले.

"लोकांनी या शब्दाची माती केली," मयेकर म्हणाले. "आमच्या बाबांना फालतू म्हणवून घ्यायची लाज नव्हती."

ऑर्डर चोवीस दांड्यांची होती. बारा बोटीत बसवायच्या, बारा बदलीच्या, म्हणजे मयेकरांच्या भाषेत फालतू. बसवायच्या बारा वेळेवर गेल्या. बदलीच्या बारा ग्राइंडिंगवरून आल्या तेव्हा मयेकरांनी डोळे मिटून नख फिरवलं आणि प्रत्येकीवर ते अडलं. मशीन थरथरल्याने दांडीवर बारीक लहरी उठल्या होत्या. डोळ्यांना दिसत नव्हत्या, मापात येत नव्हत्या. पण त्या लहरींवर वॉल्व्हमधली गळती अडवणारी सीलरिंग हजार वेळा घासली की झिजणार, आणि बाहेर समुद्राचा दाब असताना झिजणार. मयेकरांनी बारा बाजूला काढल्या आणि पुन्हा बारा करायला लावल्या. या दुसऱ्या बारांवर नख लोण्यासारखं फिरलं. टेस्ट शीटवर त्यांनी सही केली.

मग दोन लाकडी पेट्या झाल्या. पास झालेल्या मालाला हिरवं लेबल आणि नापासाला लाल, असा नियम होता. पण लेबलं वरच्या कपाटात, आणि मयेकरांना पंचवीस-सव्वीस वर्षांची खडूची सवय. चांगल्या पेटीवर त्यांनी खडूने लिहिलं, "फालतू १२". लहरी असलेल्या पेटीवर लिहिलं, "परत १२". म्हणजे ही परत मशीनवर घ्यायची, हलका हात मारून सुधारता आली तर बघायचं. आणि ते रजेवर गेले. मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, गावाला. भाचीच्या मागे मामा म्हणून उभं राहणं भाग होतं. आठ वर्षांतली पहिली रजा. जाताना गाळ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मयेकरकाकांनी अखेर दांडी मारली म्हणून.

पराग हा नवा मॅनेजर. पंचविशीतला, डिप्लोमा केलेला, मेहनती पोरगा. माल त्याच आठवड्यात द्यायचा होता. त्याने दोन पेट्या पाहिल्या. एकीवर फालतू, एकीवर परत. तो केबिनमध्ये आला आणि संपदाला विचारलं, "परत म्हणजे पार्टीला परत ना? धातू त्यांचाच आहे म्हणून?"

संपदा चलनच टाइप करत होती. चलनावर नेहमी तसंच असायचं: आपला माल काम करून परत. ती मान वर न करता म्हणाली, "हो. आपण लिहितोच तसं."

परागने "परत"च्या बारांवर नंबर कोरले, कागदात गुंडाळल्या, आणि मयेकरांची सही असलेली टेस्ट शीट जोडून पाठवून दिल्या. राहिली "फालतू" पेटी. त्या ऑर्डरचा नापास माल कुणाच्या हाती पडू नये म्हणून गॅसने तोडून टाकायचा, असं करारात होतं. परागने तेही नियमाने केलं. फाटकापाशी प्रत्येक दांडीचे तीन तुकडे झाले. नष्ट केल्याच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून संपदाने सही केली.

मयेकर सोमवारी आले. हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, मागच्या कोपऱ्यात गेले, आणि तसेच परत आले.

"पेट्या कुठायत?"

परागने आनंदाने सांगितलं. दोन्ही कामं झाली, काका, तुम्ही काळजीच करू नका.

सगळ्यांना वाटलं, मयेकर ओरडतील. ते फाटकापाशी गेले. तिथे ड्रममध्ये तुकडे पडले होते. त्यांनी एक उचलला, डोळे मिटले, नख फिरवलं. दुसरा उचलला. तिसरा. संपदा वरून काचेतून पाहत होती. नख कुठेच अडत नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि आपण मान वर न करता काय म्हणालो होतो तेही आठवलं. 

मालक यतीनशेठ केबिनमध्येच होते. वाईट माणूस नव्हता. मंदाताईंच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात दोन दिवस स्वतः उभा राहिला होता, आणि मयेकर ते विसरले नव्हते. मयेकरांनी सगळं सांगितलं. कंपनीला आजच कळवा, म्हणाले, त्या बारा परत मागवा, नवीन बारा मी पंधरा दिवसांत देतो.

शेठने त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "मयेकर, जे झालं ते झालं. त्यांनी माल चेक केला, घेतला, सही दिली. कळवलं तर पुढची ऑर्डर गेली. आणि आहेत काय त्या? फालतूच ना? तुम्हीच तर लिहिलंय पेटीवर. वीस वर्षं कपाटात पडून राहतील. कोण बघतंय?"

मयेकर बसले नव्हते. "शेठ, पहिली दांडी गेली तर फालतू आहे. फालतू गेली तर काय आहे?"

शेठने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"शंभर माणसं आहेत आत. ती दार उघडून बाहेर नाही पडू शकत."

"आणि इथे बत्तीस माणसं आहेत, त्यांचं काय? कळवलं तर पहिलं नाव कुणाचं येईल, विचार केलाय? शीटवर सही कुणाची आहे?"

"माझी. म्हणून तर मी सांगतोय."

"चालेल हो, मयेकर. चालेल. डोकं शांत ठेवा."

तो शब्द शेठच्या तोंडून आला तेव्हा मयेकरांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. संपदाला वाटलं, आता फेकतात. त्यांनी तो पुन्हा टेबलावर ठेवला, इतका हळू की आवाजही झाला नाही, आणि जिना उतरून गेले.

दुपारी ते संपदाकडे आले. "पोरी, एक पत्र लिहायचंय. त्या कंपनीच्या इन्स्पेक्शन साहेबांना. इंग्लिशमध्ये. माझं इंग्लिश ड्रॉइंगपुरतं."

संपदाचे वडील पोस्टातून नुकतेच निवृत्त झाले होते. लालबागची खोली सोडून त्यांनी मीरा रोडला फ्लॅट घेतला होता, आणि तो आता तिच्या नोकरीच्या भरवशावर होता. ती म्हणाली, "काका, मी अजून प्रोबेशनवर आहे."

"बरं," मयेकर म्हणाले. पुन्हा विचारलं नाही. खाली जाऊन एका जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते पेन्सिलीने मराठीतच लिहायला बसले. त्या "बरं"मध्ये जरासुद्धा राग नव्हता. संपदाला तेच सहन होईना. तिच्यावर रागावण्याइतकंही त्यांनी तिला मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यतीनशेठने तिला बोलावलं. एक छोटं काम होतं. लहरी असलेल्या बारांची नापास झाल्याची जी शीट फायलीत होती, ती काढायची आणि त्या जागी नवी टाइप करायची. तारीख तीच, शेरा पास. सहीचं विचारलं तर म्हणाले, "मयेकरची जुनी सही आहे ना, ती स्कॅन करून लाव. दोन मिनिटांचं काम आहे, बेटा."

संपदा जागेवर येऊन बसली. कॉम्प्युटर सुरू होता. कंपनीच्या नावाखाली मयेकरांची सही उघडून समोर होती: "गुणवंत"मधला ण मोठा, बाकी अक्षरं त्याला टेकून उभी. आठ वर्षांत या माणसाने एकदाही खोट्या मालाखाली हे नाव लिहिलं नव्हतं, आणि आता तेच नाव कापून दुसऱ्या कागदावर चिकटवायचं होतं. दोन मिनिटांत. तिला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. शेठचा आला, परागचा आला, नीट चेक न करता माल घेणाऱ्या त्या मोठ्या कंपनीचा आला, आणि मान वर न करता "हो" म्हणणाऱ्या मुलीचा सगळ्यात जास्त आला. तिने ती शीट बंद केली आणि नवीन कोरं पान उघडलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मयेकरांना वर बोलावलं. "सांगा काका."

मयेकरांनी पेन्सिलीचा कागद खिशातून काढला. पहिलं वाक्य होतं: चूक माझ्या शब्दांची आहे. लाल-हिरवी लेबलं असताना मी खडूने लिहिलं. संपदा म्हणाली, हे वाक्य खाली घेऊ या, आधी परागचं लिहू. मयेकर म्हणाले, नाही, हेच पहिलं. इंग्रजी कॉम्प्युटरवर "फालतू" आणि "परत" कसं लिहायचं? संपदाने तेवढ्या दोन जागा कोऱ्या सोडल्या, आणि छापून झाल्यावर मयेकरांनी पेनाने त्या भरल्या. खाली त्यांनी सही केली. संपदाने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी आपली केली.

"तुझी कशाला?"

"परत म्हणजे पार्टीला परत, असं मी सांगितलं होतं परागला."

मयेकरांनी तिची सही वाचली. मग म्हणाले, "मूर्ख आहेस." आणि लाडवांच्या डब्यातला उरलेला एक लाडू तिच्यापुढे ठेवला.

आठ दिवसांनी कंपनीचे साहेब दोन माणसं घेऊन आले. बारा दांड्या त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. त्यांनी भिंगातून पाहिलं, मशीन लावून पाहिलं, आणि लहरी निघाल्या. मयेकरांनी नख फिरवून दाखवलं, तर साहेब म्हणाले, त्याची गरज नाही. शाबास कुणी म्हटलं नाही. रिपोर्टची एक प्रत संपदाच्या टेबलावरून गेली. दोन पानांच्या रिपोर्टात कारण एका ओळीत लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा. ज्या माणसाने स्वतः सांगितलं नसतं तर हे कधीच कुणाला कळलं नसतं, त्याचं नाव त्या ओळीखाली कंसात. ती ओळ संपदाला आजही पाठ आहे.

ऑर्डर गेली. मयेकरांना त्याच दिवशी सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. संपदालाही. महिन्याभरात आणखी अकरा माणसं कमी केली. त्यातले दोघे पेणकरपाड्यातलेच होते. मयेकर दिसले की ते मोठ्याने म्हणायचे, "आले बोटवाले. काय काका, बुडाली का?" मयेकर उत्तर द्यायचे नाहीत. मंदाताई द्यायच्या. नळावर एकदा त्यांनी त्यातल्या एकाला हंडा खाली ठेवून विचारलं की तुझा पोरगा त्या बोटीत असता तर तू काय लिहिलं असतंस, पास की नापास? त्यानंतर नळावर टोमणे बंद झाले. बोलणंही बंद झालं. इस्टेटमधल्या दुसऱ्या गाळ्यांमध्ये मयेकर विचारायला गेले. त्यांचा हात सगळ्यांना माहीत होता. पत्राचंही माहीत होतं. कळवतो, असं प्रत्येकाने सांगितलं.

संपदाला दहिसरला नोकरी लागली, मग लग्न झालं. तीन वर्षांनी तिचा कुकर शिट्टी देईना, तेव्हा शेजारणीने सांगितलं, पेणकरपाड्यात एक जण आहे, जरा तिरसट आहे पण काम पक्कं. ती गेली तर कुकर-दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात मयेकर. त्यांनी कसं काय वगैरे विचारलं नाही. झाकण हातात घेतलं, डोळे मिटले आणि काठावरून नख फिरवलं. "दुसऱ्या कुणाकडून रिंग बदललीस," म्हणाले. "आणि तो म्हणाला असेल, चालेल."

"म्हणाला," संपदाने कबूल केलं.

मागच्या फळीवर डबे होते, रिंगांचे, शिट्ट्यांचे, वॉल्व्हचे. खडू कुठेच नव्हता. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून शाईने लिहिलं होतं: "नवीन. तपासलेलं. वापरायचं." आणि एका लहान डब्यावर: "खराब. तोडायचं."

मंदाताई आता गल्ल्यावर बसतात. दुकान सकाळी साडेनऊला उघडतं आणि गुरुवारी बंद असतं.